कार्डावरचे डोळे

१

कपाटाला कुलूप होतं, कुलपाची किल्ली प्रणितच्या कमरेला होती, आणि तरी कपाटातलं दोनशे चौदा नंबरचं कार्ड गायब झालं होतं.

सन ब्याण्णवच्या श्रावणातली ही गोष्ट. रोह्याच्या एका गल्लीत कुष्ठरोगाचा छोटा दवाखाना होता. आता दवाखान्यातून कोणी स्पिरिटची बाटली चोरील, कोणी भिंतीवरचं घड्याळ चोरील, पण महारोग्याचं कार्ड कोण चोरतो? अहो, ज्या बाकावर रोगी बसून जात, त्या बाकावर दिवसभर माशी बसत नसे, तिथे माणसांची काय कथा! म्हणून प्रणितचं पत्र पेणला पोचलं तेव्हा कमळाकर मोकलांना वाटलं, पोरानं धांदरटपणानं कुठेतरी ठेवलं असेल.

कमळाकर मोकल अशा दवाखान्यांचे पर्यवेक्षक. वय चोपन्न, चष्मा जाड, आणि नियमाला माणूस इतका पक्का की पेणमध्ये त्यांना लोक पाठीमागे ‘मोकल परिपत्रक’ म्हणत. गुरुवारी ते कार्ड पेणच्या कोर्टात हजर करायचं होतं. कोर्टाचा तसा हुकूम होता. सोमवारी सकाळी ते पॅसेंजरनं निघाले. बाहेर भाताची हिरवी खाचरं पावसाच्या धुरकटात हळूहळू मागे सरत होती, डब्यात सगळे पेंगत होते, आणि नागोठणं कधी गेलं ते मोकलांनाही कळलं नाही.

दवाखान्याच्या दारातच प्रणित उभा होता. तिशीचा तंत्रज्ञ, एरवी गडी बडबड्या. आज त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“साहेब, कार्ड आलं.”

“कुठून आलं?”

“कुठून म्हंजे? जागेवर हाय! आता कपाट उघडलं तर दोनशे तेरा, दोनशे चौदा, दोनशे पंधरा, सगळी वळीनं. देवाशप्पत साहेब, गेल्या सोमवारी नव्हतं. मी तीनदा बघितलं.”

मोकलांनी कार्ड हातात घेतलं. नाव : सरू प्रविण भगत. गाव : अष्टमी. अक्षर त्यांचं स्वतःचंच होतं. चार वर्षांमागे याच खुर्चीवर ते तंत्रज्ञ म्हणून बसत आणि सरूचं कार्ड त्यांनीच भरलं होतं. तेच लपेटीचं ‘भ’, तीच घाईची सही. खाली दोन चौकटी होत्या, ‘साध्य’ आणि ‘असाध्य’. खूण ‘साध्य’मध्ये होती.

ही खूण त्यांनी केलेली नव्हती. असाध्यमध्ये केली होती, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं.

“अक्षर तर तुमचंच हाय, साहेब,” प्रणित हळूच म्हणाला.

मोकलांनी कार्ड उलटलं. या कार्डांच्या पाठीवर माणसाची आकृती छापलेली असते. हात बाजूला, पाय किंचित फाकलेले, बाई म्हणाल तर बाई, पुरुष म्हणाल तर पुरुष, आणि चेहरा कोरा. अंगावर जिथे चट्टा असेल तिथे पेनानं रेघा भरायच्या, बस्स. अशी हजारो अंगं मोकलांनी आयुष्यभर भरली होती. कधीमधी दुपारच्या झोपेत ती सगळी त्यांच्या स्वप्नात येत, बिनचेहऱ्याची, खाचरांच्या बांधावरून एकामागे एक चालत.

या कार्डावरच्या आकृतीला मात्र डोळे होते. बारीक, अर्धे मिटलेले दोन डोळे, आणि ते मोकलांकडे बघत होते.

२

हे कार्ड कोणाला हवं होतं, ते आधी सांगायला हवं.

सरूचा नवरा प्रविण रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टवर होता. कंपनीतल्याच एकाच्या मेहुणीशी त्याचं जुळत आलं होतं, असं लोक बोलत. त्यानं घटस्फोटाचा अर्ज केला. पंचावन्न सालच्या कायद्यात तशी सोयच होती : बायकोला असाध्य महारोग असेल तर नवऱ्याला मोकळं करावं. सहा वर्षांची मुलगी दिशा, तीही त्याला हवी होती, कारण रोगी आईकडे मूल कसं ठेवायचं! सरूला त्यानं आठ महिन्यांपूर्वी माहेरी घालवली होती, जोह्याला.

आता खरी गंमत बघा, गंमत कसली, घोरच. सरू बरी झाली होती. दोन वर्षं गोळ्या घेतल्या, सहा तपासण्या स्वच्छ आल्या, अंगावर चट्टा शोधून सापडला नसता. पण नवी औषधं आली तरी नवी कार्डं आली नाहीत. जुन्या कार्डांवर ‘असाध्य’ची चौकट होती, आणि पाचाच्या वर चट्टे असले की तिथेच खूण करा असं परिपत्रक होतं. मोकलांनी ती केली. कायद्याला सरूचं अंग बघायचं नव्हतं, ती चौकट बघायची होती.

“कार्ड घेऊन जाऊ ना साहेब कोर्टात?” प्रणितनं विचारलं. “सापडलं म्हणायचं, संपलं.”

“हे ते कार्ड नव्हे,” मोकल म्हणाले. त्यांनी कार्ड नाकाशी नेलं, मग शेजारचं दोनशे तेरा नंबरचं नेलं. “वास घे.”

प्रणितनं घेतला. “दोनशे तेराला धुराचा येतो. चौदाला नाय.”

पावसाळ्यात त्या दवाखान्यात कार्डांना बुरशी धरायची. म्हणून दर शनिवारी दवाखान्यातली कामवाली कृष्णाबाई सगळी कार्डं बाहेर काढी, कोळशाच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घाली आणि त्यावर पापडासारखी शेकत ठेवी. चार पावसाळे शेकलेल्या कार्डाला धुराचा वास हवाच. हे कार्ड कोऱ्या गठ्ठ्यातलं होतं.

मग मोकलांनी ते खिडकीशी नेलं. गावाच्या नावाशेजारी एक डास चिरडलेला होता. त्यांनी नखानं खरवडला. डास निघेना. चष्मा काढून अगदी डोळ्याशी धरला, तेव्हा उमगलं : डास शाईनं काढलेला होता. पंख, सहा पाय, सगळं जिथल्या तिथे.

“आयला!” प्रणितला हसू फुटलं. “एवढा उद्योग कोणी केला?”

“शनिवारी कपाट उघडून तू कुठे जातोस?”

“जेवायला... तासभर. कृष्णाबाय असते ना.”

कृष्णाबाई मागच्या पडवीत भांडी घासत होती. साठीची, स्वतः जुनी रोगी. हातांची बोटं निम्मी झडलेली, तरी काम चोख.

“बाई, गेल्या दोन शनिवारी इथे कोण आलं होतं?”

“पाऊस,” कृष्णाबाई म्हणाली.

“माणसांपैकी?”

“माणसं इथं कशाला येत्यात, साहेब? औषधाला येत्यात नि पळत्यात.” तिनं आपले दोन्ही पंजे वर केले. “का मी लिवलंय म्हणता? पेन धरायला बोटं तरी हायत का बगा.”

मोकलांनी मान खाली घातली. तिच्या हातांनी ते डोळे काढले नव्हते, हे उघड होतं. पण एका शनिवारी कार्ड बाहेर गेलं, पुढच्या शनिवारी दुसरं आत आलं, आणि ते तिच्या हातूनच, हेही तितकंच उघड होतं. ती नाव सांगणार नव्हती. भांड्याला राख लावत ती परत खाली बसली.

डोळे काढणारे हात या मुलखात कुठे असतात, ते काही पेणच्या माणसाला सांगायला नको : गणपतीच्या कारखान्यात.

३

मंगळवारी मोकल एसटीनं जोह्याला उतरले. गणपतीला पंधरा दिवस राहिलेले. भाताच्या शेताला लागून सरूच्या भावाचा, सखाचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे बांबूचा मांडव, वर प्लास्टिक. आत दुधासारखा उजेड आणि ओळीनं मांडलेले दीडशे गणपती, अंगं रंगलेली, डोळे अजून कोणाकोणाचेच उघडलेले. शाडूच्या ओल्या वासानं माणसाला गुंगी यावी असं ते सगळं होतं.

सखानं मोकलांना ओळखलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“साहेब, हळू बोला. भायेर गिऱ्हाईक हाय. त्या रोगाचं नाव हितं निघालं तर एक मूर्ती उचलणार नाय कोणी. माजी तर नायच, पण गावातली पण नाय. त्या हातानं आखलेला देव कोण घरात घेईल?”

आखणी म्हणजे डोळे काढणं. ते काम सरूचं. ती पाटावर बसून एका गणपतीची पापणी ओढत होती. तिनं ती रेघ पुरी केली, कुंचला धुतला, मग वर बघितलं.

मोकलांनी कार्ड तिच्यापुढे धरलं. सरूनं आधी नाव वाचलं, मग चौकट बघितली, मग कार्ड उलटलं. डोळ्यांवर नजर जाताच तिनं ते झटकन पुन्हा पालथं घातलं.

“हे कोणी केलं, सरू?”

“मीच,” ती म्हणाली.

“सरू! गप गो!” सखा ओरडला.

“काय गप? मीच केलं. लिहा साहेब. काय शिक्षा असंल ती मला.”

इतक्या झटकन कबुली मिळाली की पर्यवेक्षकानं सावध व्हावं. मोकलांनी पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं. “मग हे बघून अस्संच्या अस्सं दुसरं कर. माझ्यासमोर.”

सरूनं केलं. हात काय सुरेख! मोकलांचं लपेटीचं ‘भ’ तिनं भराभर उतरवलं, अंगावरचे चट्टे भरले, आणि मग काही न विचारता आकृतीला डोळे काढले. पेन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं.

“सांगितलं नव्हतं मी डोळे काढायला,” मोकल म्हणाले.

“सवय हो साहेब,” सखाच बोलला. “अंग भरून झालं की डोळे मागं ठेवायचे नायत. आंधळी मूर्ती सोडून उठायचं नाय, लहानपणापासून तेच शिकवत्यात. हात आपला आपण जातो.”

मोकलांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. सरूनं काढलेले डोळे टपोरे, उघडे. त्या कार्डावरचे बारीक, बुबूळ वरच्या पापणीला टेकलेलं, झोपेतून आत्ताच जागं झाल्यासारखे. आणि सरूच्या कार्डावर डास नव्हता.

“डास का नाही काढलास?”

“डास?” सरू गोंधळली. “तो कशाला काढू? तो काय लिवलेला हाय?”

तिनं तिच्या नकळत सगळं सांगून टाकलं होतं. सातवी शिकलेल्या सरूनं अक्षरं वाचली आणि अक्षरंच उतरवली. पण ज्याला वाचताच येत नाही, त्याला कागदावरचं काय अक्षर आणि काय डास, हे कसं कळावं? त्यानं जे दिसलं ते सगळं इमानानं काढलं. म्हणजे मूर्तिकाराचा हात, पण शाळेचं तोंड न बघितलेला.

“हे डोळे तर पेंगुळले डोळे,” सखा कार्डावर वाकून म्हणाला. “आमच्या आज्याच्या वक्ताचे. आता कोण काढतंय असे? गिऱ्हाईक म्हणतं, देव झोपलाय काय!”

“दादा!” सरूनं त्याचा हात धरला. मग ती मोकलांच्या पायाशीच बसली. “साहेब, माजंच नाव लिहा. पाया पडते तुमच्या. माजी पोर गेली तरी चालंल, पण त्यांचं नाव नका लिवू.”

कोणाचं, ते तिनं काही केल्या सांगितलं नाही.

४

बुधवारी मोकल परत रोह्याला गेले. कृष्णाबाईच्या हाती कार्ड देणारं माणूस रोह्याच्या आसपासचंच असणार, आणि सरूची तिथली माणसं अष्टमीत होती. गाडीत त्यांच्या मनात आलं, सरू माहेरी जाताना कधी या गाडीनं गेली नाही, एसटीनंच जायची. महारोग्यानं डब्यात चढू नये असा रेल्वेचाही एक नियम होता, आणि तो तिला एकदा मोकलांनीच वाचून दाखवला होता. तेव्हा आपण फार कर्तव्यदक्ष आहोत असं त्यांना वाटलं होतं.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून ते अष्टमीत आले. भगतांचं घर रस्त्याला लागूनच. प्रविण नुकताच शिफ्टवरून आला होता. त्यानं खुर्ची दिली, आईला चहा टाकायला सांगितला. माणूस वाईट दिसत नव्हता हो, हीच तर पंचाईत.

“कार्ड सापडलं ना साहेब? वकील म्हणाले, कार्ड आलं की झालं.”

“सरू बरी झालीय, प्रविण. तुला ठाऊक आहे.”

“आसंल. पण कायदा माझ्या बाजूनं हाय.” तो अगदी सरळ आवाजात बोलला. “मी मारली नाय, जाळली नाय. कायद्यानं दिलंय तेच मागतोय. मी काय गुन्हा केला, तुम्हीच सांगा. तुम्ही तर नियमाचे माणूस.”

प्रविण आंघोळीला मागे गेला.

ओटीवर छोटी दिशा पाटी घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, नागपंचमीला काढलेला नाग अजून होता. गंधानं काढलेली पाच फण्यांची वेटोळी, आणि प्रत्येक फण्याला दोन डोळे. मोकल उठून जवळ गेले. बारीक डोळे, बुबूळ वरच्या पापणीला टेकलेलं.

“हा नाग कोणी काढला गं?”

“आजीनं,” दिशा म्हणाली. “माझी आजी लय भारी काढते.”

प्रविणची आई धोंडुबाई चहाचे कप घेऊन बाहेर आली. पासष्टीची, पाठीत वाकलेली, बोलायला गोड. मोकलांनी कप घेतला.

“मावशी, तुमचं माहेर कुठलं?”

“जोहे,” ती म्हणाली. “माज्या बापाचा कारखाना होता. सरूला मीच नाय का मागून आणली तिथनं.”

“वाचता येतं तुम्हांला?”

“छ्या! आमच्या वक्ताला पोरींना कोण शाळेत घालतंय?”

“डास मात्र झकास काढलात,” मोकल म्हणाले.

धोंडुबाईनं हातातली बशी खाली ठेवली. तिनं मागच्या न्हाणीकडे बघितलं. तिथून प्रविणच्या तांब्याचा आवाज येत होता. मग तिनं दिशाला दुकानात गूळ आणायला पिटाळलं आणि दार ओढून घेतलं.

५

“कृष्णीचं नाव घेऊ नका,” ती आधी तेच बोलली. “तिनं फकस्त दिलं. नि कुठल्या चौकटीत खूण करायची ते दाखवलं.”

“तुम्हांला कशी ओळखते ती?”

धोंडुबाईनं बाही वर सारली. कोपराच्या वर एक जुना, फिका डाग होता, तळहाताएवढा. “तीस वर्सांमागं आमी दोघी एकाच बाकावर बसत होतो, गोळ्यांना. परविण पोटात होता माज्या. त्याला ठाव नाय. कोणालाच ठाव नाय, आमच्या मालकांना तेवढं होतं.”

“ते काय म्हणाले?”

“काय म्हणतील? गोळी सकाळची का सांजची, इतकंच इचारलं. नि मरेस्तोवर रोज आठवण केली.” तिच्या डोळ्यांना धार लागली. “सरू बरी झाली, मी सोता तिच्या गोळ्या मोजल्या. आन् हा माजा लेक, माज्याच दुधावर वाडलेला, म्हणतो कायदा हाय. कसला मेला कायदा? तवा ह्याच्या बापानं कायदा काढला असता तर हा जल्मला कुठं असता?”

मोकलांनी चष्मा पुसला. “खरं कार्ड जाळलंत?”

धोंडुबाई आत गेली, तांदळाच्या कणगीत हात घालून कार्ड काढलं आणि पदरानं झटकून त्यांना दिलं. धुराचा वास दरवळला. डास होता, खराखुरा. ‘असाध्य’मध्ये ठसठशीत खूण होती.

“जाळणार होते. पर तिचं अंग हाय ना त्याच्यावर. चुलीत कसं घालू?”

दोन्ही कार्डं मांडीवर ठेवून मोकल बसून राहिले. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि घरातला उजेड पाण्याखालच्यासारखा हिरवट झाला होता. त्यांच्या डोक्यात सगळी गाठ सुटली होती. चोर कळला, चोरी कळली, वाट कळली. अहवालाला फक्त पाच ओळी लागल्या असत्या. पण एक गोष्ट त्यांना सरळ बसू देईना. खऱ्या कार्डावर लिहिलं होतं की सरू बरी होणार नाही, ते धादांत खोटं होतं. खोट्या कार्डावर लिहिलं होतं ते खरं होतं.

“ही खूण कोणी केली, बाबा?” धोंडुबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर चौकटीवर होतं.

“मी केली.”

“तवा तुला तसं वाटलं होतं? बरी होणारच नाय म्हणून?”

मोकलांना आठवलं. चार वर्षांमागची सरू, कडेवर दिशा. नव्या गोळ्यांचं खोकं टेबलावरच होतं. त्यांनी स्वतः तिला सांगितलं होतं, दोन वर्षांत ठणठणीत होशील. आणि सांगता सांगता खूण केली होती.

“नाही वाटलं,” ते म्हणाले. “तसा नियम होता.”

न्हाणीतला तांब्या थांबला. मोकलांनी दोन्ही कार्डं पिशवीत घातली आणि चहा तसाच ठेवून निघाले.

६

गुरुवारी पेणच्या कोर्टात गर्दी नव्हती. पंखा हळू फिरत होता. एका बाकावर सरू आणि सखा, दुसऱ्यावर प्रविण, धोंडुबाई आणि दिशा. मूल ताब्यात असल्याचं दाखवायला वकिलानं त्या दोघींना आणवलं होतं. दिशा आईकडे बघत होती आणि आजीनं तिचा हात धरून ठेवला होता.

मोकलांनी शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रजेच्या अर्जातही कधी खोटं लिहिलं नव्हतं. शपथेवर खोटं बोललं तर किती वर्षांची कैद होते, तेही त्यांना पाठ होतं. पिशवीत दोन कार्डं होती आणि हात आत घालेपर्यंत, देवाशप्पथ सांगतो, कुठलं बाहेर काढणार हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

हातात आलं ते बिनवासाचं.

प्रविणच्या वकिलानं कार्ड बघितलं आणि त्याच्या भुवया चढल्या. “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“‘साध्य’मध्ये खूण आहे. तुम्हीच केलीत?”

“रोग साध्य होता. बरा झाला.”

“मी विचारतो त्याचं उत्तर द्या. खूण कोणाची?”

“माझी,” मोकल म्हणाले.

वकिलानं कार्ड उलटलं आणि न्यायाधीशांपुढे नाचवलं. “आणि हे? सरकारी आकृतीला डोळे? हेही तुमचेच?”

बाकावर धोंडुबाईनं डोळे गच्च मिटले. सरूनं तोंडावर पदर धरला.

“माझेच.”

“सरकारी कार्डावर डोळे कशासाठी काढलेत, मोकल?”

“समोर माणूस बसलं होतं, साहेब,” मोकल म्हणाले. “आधी कधी बघितलं नव्हतं मी. त्या दिवशी बघितलं.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कार्ड मागून घेतलं, पुष्कळ वेळ त्या दोन डोळ्यांकडे बघितलं आणि बाजूला ठेवलं. दुपारी निकाल दिला : रोग असाध्य असल्याचा पुरावा नाही, अर्ज फेटाळला, मूल आईजवळ राहावं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर दिशा आईला जी बिलगली ती सुटेचना. सरू रडत होती, हसत होती, काय करत होती तिचं तिला कळत नव्हतं. मोकल जरा लांब, भिंतीला टेकून उभे राहिले. आपण गुन्हा केला हे त्यांना कळत होतं, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आपण नोकरी केली असंही वाटत होतं.

प्रविण वकिलाशी तणतणून बाहेर आला. “आई, चल. रोह्याची गाडी चुकंल.”

धोंडुबाई जागची हलली नाही.

“परविण,” ती म्हणाली, आणि भर पायऱ्यांवर, लोकांदेखत, तिनं बाही कोपराच्या वर सारली. “हे बघ. त्योच रोग. तू पोटात होतास तवा. तुज्या बानं कोर्टाची पायरी नाय चढली.”

प्रविणनं डाग बघितला. एक पाऊल तो मागे सरकला. आईपासून, नकळत. धोंडुबाईनं ते पाऊल बघितलं आणि बाही हळूच खाली ओढली.

“आई, तसं नाय... घरी चल, घरी बोलू.”

“तुला बायको टाकायला कायदा लागला, लेका,” ती म्हणाली. “मला लेक टाकायला नाय लागत.”

समोर जोह्याची एसटी लागली होती. सखानं आधीच आत बसून, रुमाल टाकून जागा धरल्या होत्या, तीन. धोंडुबाईनं मोजल्या, सखाकडे बघितलं. त्यानं सरकून चौथी केली, आणि ती सुनेच्या खांद्याला धरून गाडीत चढली.